हरकत नाही म्हणायची सवय

मिठागरावर राबलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मीठ कोणी करत नाही. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, बांध बंद करायचा आणि गप्प बसायचं. पुढचं ऊन बघतं. किस्स्यांचंही तसंच आहे. चार म्हातारी माणसं रोज सकाळी एका बाकावर बसवा आणि दुसरं काही करू नका. महिन्याभरात एवढे किस्से साचतात की फावड्यानं ओढावे लागतात!

आमचा बाक ठाकुर्लीच्या पलीकडे, आमच्या गावाच्या वेशीवरच्या बागेत आहे. बाग नवी, टॉवरवाल्यांची. खालची जमीन जुनी, आमची होती. पण टॉवर आले म्हणून लिमये सर आले, हेही खरं. लिमये सर डोंबिवलीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. "माझ्या विषयाला वीस मार्क, त्यामुळे मुलांनी कधी ऐकलं नाही," असं ते सांगतात. म्हणून आता आम्हाला ऐकवतात. सुलभाताई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. त्यांची मुलगी स्वित्झर्लंडला असते. इब्राहिमभाई मूळ कल्याणचे, राहतातही तिकडेच. जन्म गेला जहाजावर कुक म्हणून. मुलगी इथल्या टॉवरमध्ये दिली आहे म्हणून रोज सकाळी येतात, पण मुलीकडे नंतर जातात, बाकावर आधी.

चौथा मी, गणपत भोईर. सगळे तात्या म्हणतात. शाळा मला माहीत आहे ती बाहेरून. हे मी सांगतोय, नात लिहितेय, आणि दर दोन ओळींनी विचारतेय, "आजोबा, हे खरंच घालू?" घाल गं.

तर एक दिवस ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सरकारी कागद लागला. आमचं गाव शहराच्या पालिकेत घ्यायचं चाललंय, कोणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्या. गाव पालिकेत गेलं की ग्रामपंचायत बरखास्त. देवळापुढे भरते ती ग्रामसभा बंद. कोणीही म्हातारी उठून सरपंचाला विचारते ना, "काय रं, आमच्या आळीचा दिवा कधी लावतोस?" ते बंद. गावाचं नाव जाणार आणि वॉर्ड नंबर येणार. गावकीनं हरकत द्यायचं ठरवलं आणि कागद लिहायचं काम आमच्या बाकावर आलं.

मी सरांना विचारलं, "सर, जगात बाकीच्या देशांत गावाचं काय करतात?"

सरांचे डोळे असे चमकले म्हणता! अख्ख्या नोकरीत त्यांना कुठल्या विद्यार्थ्यानं आपणहून प्रश्न विचारला नव्हता.

* * *

सरांनी अमेरिकेपासून सुरुवात केली. "अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत, तात्या."

मला हसू आलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

आता सांगा, आमच्याकडे राज्य म्हणजे काय? लपाछपी खेळताना ज्याच्यावर राज्य येतं, तो भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून आकडे म्हणतो आणि बाकीचे मजेत लपतात. राज्य म्हणजे शिक्षा. हौसेनं कोणी घेत नाही!

मी म्हटलं, "सर, पन्नास जणांवर राज्य आलंय, मग लपलंय कोण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

इब्राहिमभाई म्हणाले, "वरचं सरकार लपलंय. बरोबर ना, सर?"

सर म्हणाले, "प्रत्येक राज्याची वेगळी घटना आहे, वेगळं न्यायालय आहे. बऱ्याच गोष्टी राज्य ठरवतं, वॉशिंग्टन नाही."

"आणि गावाचं कोण ठरवतं?"

"तेही राज्यच."

"म्हणजे तिकडेही गावच भिंतीकडे तोंड करून उभं!"

सरांनी सुस्कारा टाकला. "तात्या, मी आयुष्यभर संघराज्य शिकवलं. हा प्रश्न एकदाही पेपरात घातला नाही. चूक माझी."

त्या दिवसापासून आमच्या बाकावर कुठलाही देश आला की पहिला सवाल हाच. राज्य कोणावर, आणि लपलंय कोण?

* * *

इंग्लंडची पाळी आली. सर म्हणाले, "इंग्लंडची राज्यघटना लिहिलेली नाही. म्हणजे आपल्यासारखं एक पुस्तक नाही. रूढी, परंपरा, जुने कायदे, यावर सगळं चालतं."

मी दोनदा विचारून खात्री केली. लिहिलेली नाही? नाही.

आयुष्यात मी ज्या ज्या खिडकीपुढे उभा राहिलो, तिथे मला एकच वाक्य ऐकायला मिळालं. लिहून आणा. माझ्या बापाला, आज्यालाही तेच. आमच्या गावकीचे नियम कुठे लिहिलेत, असं विचारून एका साहेबानं आम्हाला भर कचेरीत हसवलं होतं, म्हणजे तो हसला होता.

मी म्हटलं, "सर, गोऱ्यांनी स्वतःच्या घरी एक ओळ लिहून ठेवली नाही, आणि जाताना आमच्या बांधाबांधाला कागद चिकटवून गेले?"

सुलभाताई म्हणाल्या, "तात्या, हे हरकतीत घालू या."

सर म्हणाले, "भाषा जरा सौम्य करून."

"तशीच घाला," सुलभाताई म्हणाल्या. "सौम्य करून करून तर इथवर आलो."

* * *

इब्राहिमभाई देशाची परीक्षा बंदरावरून करतात. ज्या बंदरात कस्टमवाला कांद्याच्या पोत्यात हात घालतो तो देश गरीब. नुसता बघतो तो मधला. बघतसुद्धा नाही तो श्रीमंत. सरांनी ही पद्धत वहीत लिहून घेतली आहे.

रिटायर व्हायच्या जरा आधी त्यांचं जहाज बेल्जियमला लागलेलं. तिथे तेव्हा निवडणूक होऊन कित्येक महिने उलटलेले आणि देशाचं सरकारच बनत नव्हतं. ह्यांचं ह्यांच्यात जमेना.

"मी डॉकवर उतरलो," इब्राहिमभाई सांगत होते. "क्रेन चालू. बत्ती चालू. कचऱ्याची गाडी टायमावर. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, बाबा, सरकार नाही तर हे सगळं चालतंय कसं? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काय मीच येडा! बोलला, एक नाही. बाकीची पाच आहेत ना!"

सर म्हणाले, "बरोबर आहे. तिथे प्रदेशाचं सरकार वेगळं, भाषेचं वेगळं, देशाचं वेगळं."

मी विचारलं, "इब्राहिमभाई, नळाला पाणी येत होतं?"

"भरपूर."

"मग वरचं सरकार बनलं का शेवटी?"

"बनलं की, तात्या. पण तोपर्यंत आमचं जहाज चार बंदरं पुढे गेलेलं. तिथून मागे वळून बघितलं तरी काय फरक दिसला नाही!"

* * *

एकदा सर मला म्हणाले, "तात्या, रोज आम्हीच सांगतो. तुमच्याकडे कुठली पद्धत होती?"

मी म्हटलं, बांधाची.

आमची शेतं खाडीच्या कडेला. खारं पाणी आत येऊ नये म्हणून सगळ्या गावाचा मिळून एक लांब बांध. भरतीच्या जोरानं बांध फुटला की देवळाची घंटा वाजायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. घर लहान असो, मोठं असो, माणूस एक. हुकूम सरपंचाचा नाही, पाटलाचा नाही. जो फुटल्या जागी पाण्यात सगळ्यांत पुढे उभा असेल, त्याचा हुकूम.

एकदा बांध फुटला तेव्हा गावच्या सावकारानं गडी पाठवला. गड्याच्या हातात छत्री! माझा बाप पाण्यात पुढे उभा होता. त्यानं विचारलं, "तू कोणाच्या घरचा?"

गडी म्हणाला, "शेठच्या."

"त्यांच्या घरचा माणूस म्हणून आलास?"

"व्हय."

"मंग ऐका रे सगळ्यांनी. आजपास्ना शेठच्या जमिनीत ह्याचा वाटा. घरचा माणूस हाय!"

गडी छत्री टाकून पळाला. थोड्या वेळानं आम्ही बघतो तर शेठ स्वतः, धोतर खोचून, मांडीपर्यंत चिखलात!

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग म्हणाले, "हे एककेंद्री म्हणावं का संघराज्य, काही कळत नाही."

इब्राहिमभाई म्हणाले, "सर, कशाला डोकं खाता? गडी पळाला, शेठ आला. याच्यापुढे कुठली पार्लमेंट?"

* * *

मग सुलभाताईंनी स्वित्झर्लंड काढलं. त्या मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या.

त्या दिवशी आमचा सरपंचही बाकावर येऊन बसलेला. चांगला मुलगा आहे, पण घाईचा. सर म्हणाले, "स्वित्झर्लंडमध्ये राज्यांच्या जागी सव्वीस कॅन्टन आहेत."

सरपंच म्हणाला, "सव्वीस कॅन्टीन? मग देश चालणारच!"

तर सुलभाताईंच्या मुलीच्या गावात ग्रामसभा होती. हो, तिकडेही ग्रामसभा! एका हॉलमध्ये सगळं गाव जमतं आणि हात वर करून ठरवतं. शेजारचं मोठं गाव ह्यांना म्हणत होतं, आमच्यात या. त्यावर चर्चा होती. जावई तिथला नागरिक, त्याला मत. सुलभाताई पाहुण्या, त्यांना बाजूच्या वेगळ्या खुर्च्यांवर बसवलेलं.

आता सुलभाताई म्हणजे आमच्या टॉवरच्या सोसायटीत बारा वर्षं सेक्रेटरी. सभेत कोणी ठराव वाचला की यांचा हात आपोआप वर जातो. तिथल्या अध्यक्षांनी जर्मनमध्ये काहीतरी वाचलं आणि बाईंचा हात वर! शिवाय तोंडानं मोठ्यांदा, "अनुमोदन!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. जावयाचं तोंड टोमॅटोसारखं झालं. मोजणाऱ्यांनी मोजणी थांबवली. एक गृहस्थ येऊन अदबीनं विचारून गेले, बाईंना मत आहे का? नाही म्हटल्यावर अध्यक्ष उठले आणि म्हणाले, पुन्हा मोजू. सगळ्यांनी हात खाली घेतले, परत वर केले. पहिल्यापासून मोजणी.

"बाईसाहेब, निकाल काय लागला?" सरपंचानं विचारलं.

"नको म्हणाले. गाव वेगळंच राहिलं. आणि मी कशाला अनुमोदन दिलं होतं माहीत आहे का? विलीन व्हायला!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना वाटेत माझं हसू गेलं. एका चुकीच्या हातासाठी त्यांनी सबंध गाव पुन्हा मोजलं. आमच्या गावातले हात कोणी एकदा तरी मोजले का?

* * *

हे सगळं मी घरी बायकोला सांगितलं. यशोदा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्या हॉलात बायका व्हत्या?"

"होत्या की. पण सर सांगतात, तिथल्या एका डोंगराळ भागात नव्वद सालापर्यंत बायकांना मत नव्हतं."

"श्शी! एवढा शिकलेला देश," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आनि तुमच्या कागदावर कोनाच्या सह्या हाईत?"

"गावकीच्या."

"म्हंजी?"

"म्हणजे... बावीस जणांच्या."

"बावीस बाप्यांच्या."

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागलो.

"मंग खाली अजून एक ओळ लिवा, अवो. बाकी अर्ध्या गावाची काय बी हरकत नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदा बाहेर पडली ती दुपारच्या जेवणालाही आली नाही. मी आमटी आपल्या हातानं गरम केली. चार वाजता आली, मागे पाच-सहा जणी. हातात कागदांची चळत. सह्या, अंगठे, एका आजीनं तर दोन्ही हातांचे अंगठे दिलेले, एक स्वतःचा आणि एक वारलेल्या नवऱ्याचा म्हणून. तो खोडावा लागला. आजी भांडायला उठली.

मी आमचा बावीस सह्यांचा कागद काढला आणि सगळ्यांत वर ठेवायला गेलो.

यशोदानं तो उचलला आणि चळतीच्या खाली घातला. "तुमचा मागं जोडा. पुडं नको."

* * *

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. लिमये सर आमच्या बाजूचे नव्हते. ते मला सगळे देश सांगत होते, हरकतीचा मसुदा लिहून देत होते, पण स्वतः सही करत नव्हते. म्हणायचे, "तात्या, मी तुमचा मास्तर आहे, पक्षकार नाही. पालिका आली तर पाणी नियमित येईल, मला ते हवंय." मी कधी आग्रह केला नाही. टँकरच्या पाण्यासाठी सर बादली घेऊन जिन्यात उभे राहतात, ते मी बघितलेलं आहे.

मुदत संपायला तीन-चार दिवस राहिलेले. सर बाकावर आले ते बसलेच नाहीत. हातात एक कागद होता. म्हणाले, "फ्रान्स."

फ्रान्सबद्दल सर आधी फार चांगलं बोलले नव्हते. सगळा कारभार एका पॅरिसमधून चालायचा म्हणायचे.

"पहिल्या महायुद्धात तिथली काही गावं पार नष्ट झाली," सर म्हणाले. "घर राहिलं नाही, झाड राहिलं नाही. जमिनीत इतका दारूगोळा की माणसांना परत राहायला जाताच आलं नाही. आज तिथे कोणीही राहत नाही. शून्य माणसं."

"मग?"

"गावं कागदावरून काढली नाहीत. गावाचं नाव तसंच आहे. आणि त्या प्रत्येक गावाला आजही महापौर आहे. सरकार नेमतं. शून्य माणसांचा महापौर."

बागेत माळी पाईपनं पाणी मारत होता.

इब्राहिमभाई म्हणाले, "तिथे माणूस नाही तर गाव ठेवलं. इथे माणसं जिवंत बसलीत."

सरांनी खिशातून पेन काढलं. मी म्हटलं, "सर, पाण्याचं काय?"

"बादली आहे माझ्याकडे," सर म्हणाले. "सही कुठे करायची ते दाखवा."

* * *

हरकत द्यायला मी आणि सुलभाताई ठाण्याला गेलो. त्या वाचणार, मी अंगठा देणार, अशी वाटणी.

आता माझी एक खोड. मला कोणी काही विचारलं की मी म्हणतो, हरकत नाही. शेजाऱ्यानं गाडी दारात लावली, हरकत नाही. बिल्डरनं म्हटलं रस्ता तुमच्या कुंपणातून नेतो, हरकत नाही. यशोदा म्हणते, ह्या दोन शब्दांत आमची अर्धी वाडी गेली. खोटं नाही.

खिडकीवर एक कारकून होता. कानानं जरा कमी. त्यानं आमचा गठ्ठा घेतला, मोठं रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि मान खाली घालूनच म्हणाला, "आजोबा, शिक्का आत आहे. साहेब जेवायला गेलेत. तासभर लागेल, बसता का?"

मी म्हटलं, "हरकत नाही."

त्यानं लिहिलं. पावती फाडून हातात दिली. आम्ही तासभर बसलो, शिक्का मिळाला, निघालो. मी तर जिन्यातसुद्धा पोचलेलो. मागून सुलभाताईंची किंकाळी.

"तात्या! हे काय?"

पावतीवर 'अर्जदाराचे म्हणणे' असा रकाना होता. त्यात सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'हरकत नाही.'

एवढ्या सह्या, एवढे अंगठे, अमेरिका, बेल्जियम, फ्रान्स, सगळं आत, आणि वर माझ्या तोंडचं हरकत नाही!

परत गेलो. कारकून म्हणाला, "तुम्हीच बोललात."

मी म्हटलं, "मी बसायला बोललो."

"बसायला हरकत नाही, आणि गावाला आहे?"

"आहे."

"मोठ्यानं बोला, आजोबा."

जन्मात मी असा ओरडलो नसेन. "हरकत आहे!" सगळ्या खिडक्यांवरची माणसं वळली. कोपऱ्यातला शिपाई धावत आला. कारकून मात्र खुश. "हां, आता आलं ऐकायला." त्यानं जुनं खोडून नवं लिहिलं आणि शेजारी सही केली.

बाकावर आल्यावर ठराव झाला. यापुढे जो कोणी ते दोन शब्द बोलेल त्याच्यावर राज्य, म्हणजे चौघांचा चहा टपरीवरून त्यानं आणायचा. पहिल्या आठवड्यात रोज मीच गेलो. चहावाला म्हणाला, "तात्या, तुम्हालाच कसं पाठवतात सगळे?" मी म्हटलं, "हरकत नाही." मागे बघितलं तर इब्राहिमभाई उभे, दात काढत. दुसरी खेप!

* * *

सुनावणीला आम्ही दोन टेम्पो करून गेलो. पुढच्या टेम्पोत यशोदा आणि बायका, मागच्यात आम्ही. सुलभाताई बायकांच्या टेम्पोत होत्या. इब्राहिमभाईंनी सगळ्यांसाठी डब्यात भजी आणलेली, कारण त्यांच्या मते उपाशी माणूस सरकारपुढे लवकर हो म्हणतो.

साहेब तरुण होते. उर्मट मुळीच नव्हते. त्यांच्या बाजूला एक बाई जाडजूड वही घेऊन बसलेली, जो जे बोलेल ते उतरून घेत होती. मान वर नाही, चेहऱ्यावर काही नाही.

साहेबांनी आमची हरकत चाळली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजोबा, तुमच्या कागदात बेल्जियम आहे, स्वित्झर्लंड आहे, फ्रान्स आहे. हे ठाणे आहे."

मी म्हटलं, "ठाऊक आहे, साहेब. त्या देशांनी आम्हाला बोलावलं नाही. तुम्ही बोलावलंत."

साहेब हसले. म्हणाले, "लहान गाव मोठ्या पालिकेत आलं की सोयी मिळतात."

"द्या की सोयी. नाव आणि ग्रामसभा आमच्याकडे राहू द्या."

"तशी तरतूद नाही, आजोबा."

"तीच हरकत आहे, साहेब."

त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर अजून तीन गावं थांबलेली. "ठीक आहे. तुमचं म्हणणं नोंदवलंय. दोन मिनिटं थांबाल?"

यशोदानं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी म्हटलं, "थांबतो."

साहेब म्हणाले, "उपस्थिती लिहायची आहे. ह्या गावाचे जे जे हजर आहेत त्यांनी उभं राहा. मॅडम संख्या मोजून घेतील."

बायका उठल्या. एका दमात सगळ्या, बांगड्यांचा आवाज करत. सरपंच उठला. गावकीचे बावीस उठले, म्हणजे एकवीस, एक जण भजी खायला बाहेर राहिलेला. सुलभाताई उठल्या. लिमये सर खुर्चीचा हात धरून अर्धे उठले, माझ्याकडे बघितलं, "टॉवरमधला चालतो ना?" म्हणाले आणि पूर्ण उभे राहिले. इब्राहिमभाई तेवढे बसून होते. "मी कल्याणचा," ते साहेबांना म्हणाले. "मला मोजू नका. हिशोब साफ पाहिजे."

"मॅडम, किती झाले?" साहेबांनी विचारलं.

बाईनं पेन खाली ठेवलं. खुर्ची मागे सरकवली आणि उठून उभी राहिली.

साहेब म्हणाले, "तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही, साहेब. माहेर आहे माझं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. कोणाची, कुठल्या आळीतली, काही ओळख पटेना. यशोदाला पटली असावी, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा उघड्या वहीकडे. "अहो, मग हे लिहून कोण घेणार?"

बाईंनी वही उचलली, डाव्या हातावर आडवी धरली आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.

"उभ्यानंच लिहिते, साहेब."